हवेवर जगणारी ढब्बी

वजनकाट्याभोवती त्या रविवारी इतकी माणसं जमली होती, की काट्यावर घोडी उभी आहे की नुसतीच गर्दी, हे मागच्यांना कळत नव्हतं. मागचे पुढच्यांना विचारत, पुढचे त्यांच्या पुढच्यांना, आणि उत्तर मागे पोचेपर्यंत त्याला शिंगं-शेपटी फुटलेली असत. पुढे कुणी म्हणालं, घोडीनं मान हलवली. मागे पोचलं, घोडी बोलली. काय बोलली ते विचारायला एक जण पुन्हा पुढे निघाला.

खरं तर घोडी गप्प होती. बोलत होते ते उपाशीबाबा.

"अन्न म्हणजे काय? गोठलेला वारा," बाबा सांगत होते. "तुम्ही खाता आणि थकता. ही खात नाही आणि वाढते. मग सांगा, गरज कुणाला कुणाची? तुम्हाला अन्नाची गरज नाही. अन्नालाच तुमची गरज आहे."

लोकांनी माना डोलावल्या. अशा वाक्यांचं बरं असतं, ती कळत नाहीत म्हणून खोल वाटतात. बाबाही म्हणे वाऱ्यावरच जगत. त्यांच्या पोटाचा घेर पाहता वारा चांगलाच मानवला होता.

काट्याच्या खिडकीत काटेवाला बसला होता. हा गृहस्थ सख्ख्या भावाच्या गाडीवरही विश्वास न ठेवणारा. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी तोलण्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं चष्मा पुसला, आकडा पाहिला, पुन्हा चष्मा पुसला आणि पडलेल्या आवाजात जाहीर केलं, "वाढलंय. मागच्या रविवारपेक्षा वाढलंय."

गर्दीतून एक लांब सुस्कारा गेला. महिन्याभरापासून त्या घोडीची गव्हाण पालथी घातलेली होती. दाण्याच्या कोठीला कुलूप होतं. गवताची पेंडी आवारात आणायलाही बंदी. आणि तरी दर रविवारी घोडी जड होत होती. मग बाबांनी हात वर केला आणि सगळे ज्याची वाट पाहत होते ते झालं. काट्याच्या लोखंडी पत्र्यावर घोडीनं पुढचे दोन्ही पाय पुढे ताणले, मागचे पाय पोटाखाली घेतले, सगळा भार मागे टाकला आणि मान खाली घातली.

"न्यायाच्या काट्यासमोर पशूसुद्धा वाकतो," बाबा म्हणाले. माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले.

घोडीचा दोर धरून नव्या कोटात उभे होते ते आमचे मामा. म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. घोडी त्यांची.

या घोडीचं नाव ढब्बी. जन्मली तेव्हाच गोल होती, म्हणून ढब्बी. मामांनी सारा जन्म घोडागाडी चालवली; धान्याची पोती, लग्नाचं सामान, घर बदलणाऱ्यांची कपाटं. मग छोटे टेम्पो आले आणि मामांची गाडी गाडीतळावर नुसती उभी राहायला लागली. कुणी विचारलं, काय मामा, धंदा कसा, तर ते म्हणायचे, "धंदा नाही, पण घोडी बघा. हवा खाऊन फुगते. मला काही खर्च नाही." ही त्यांची जुनी थट्टा. आमच्या घरात ती इतक्यांदा ऐकलेली, की मामांनी "हवा" म्हटलं की आम्ही "खाऊन फुगते" म्हणून पूर्ण करायचो. एक दिवस तळावर एका परक्या माणसानं ती पहिल्यांदा ऐकली. तो हसला नाही. त्यानं घोडीकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय बोललात."

तेच उपाशीबाबा. पंधरवड्यात काट्यामागची रिकामी वखार त्यांचा आश्रम झाली. ढब्बीसाठी आत गवताच्या काडाचं हातभर उंच मऊ अंथरूण घातलं गेलं, कारण तपस्विनीला जमिनीवर कसं झोपवायचं. आणि ज्या मामांना वर्षानुवर्षं कुणी "बाजूला घ्या हो गाडी" यापलीकडे काही बोललं नव्हतं, त्यांना लोक वाकून विचारू लागले, "आज तिची तब्येत कशी आहे?" मामांनी कोट शिवून घेतला. मीच शिवला. माप घेताना ते छाती इतकी पुढे काढून उभे राहिले, की पुढे तो कोट त्यांना कायम ढगळच झाला.

आता वन्सं. म्हणजे माझी मोठी नणंद. ती जनावरांच्या संशोधन केंद्रात काम करते. घोडा, गाय, बैल, शेळी यांनी खाल्लेल्या घासाचं पुढे काय होतं, किती अंगी लागतं, किती ऊब होऊन उडून जातं आणि किती शेण होऊन बाहेर येतं, याचा ती गेली वीस-बावीस वर्षं माग काढते आहे. सासूबाई लोकांना "मुलगी डॉक्टर आहे" एवढंच सांगतात आणि कशाची म्हणून विचारलं तर चहा ठेवायला उठतात. कारण वन्सं शेण वाळवते, चाळते, तोलते. घरातला स्वयंपाकाचा तराजू तिनं एकदा केंद्रात नेला. परत आणला तेव्हा सासूबाईंनी तो अंगणातल्या नळाखाली ठेवला आणि अजून तो तिथेच आहे. मी मात्र तिच्या बाजूची. शाळा माझी लवकर सुटली, पण घास किती पचतो हे तपासायला वन्सं ज्या बारीक जाळीच्या पिशव्या वापरते, त्या मी शिवते. आणि हे कशाला, ते कशाला, असं विचारत विचारत मी इतकं शिकले, की आता पाहुण्यांच्या पंगतीत मला गप्प बसवावं लागतं.

वन्संचा खास विषय कोणता, तर एक घोडी भरल्या गव्हाणीपुढे बरगड्या दाखवते आणि दुसरी मूठभर चाऱ्यावर गोल होते, असं का. म्हणजे मामांची थट्टाच. लहानपणी ढब्बीच्या आजीच्या पाठीवर बसून तिनं मामांना विचारलं होतं, ही खरंच हवा खाते का? मामा म्हणाले, तू मोठी होऊन शोध. पोरीनं ते मनावर घेतलं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा वन्सं कामासाठी लांबच्या केंद्रावर गेलेली होती. परत आली ती नेमकी त्या रविवारी, आणि मी तिला स्टेशनावरून सरळ काट्यावर नेलं. म्हटलं, गंमत बघ. तिनं गर्दीच्या कडेला एका उलट्या हातगाडीवर चढून पाहिलं. ढब्बी वाकली. लोक हळहळले, हसले, हात जोडले. वन्सं खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

"ती वाकत नाहीये, वहिनी," ती म्हणाली. "तिच्या पुढच्या खुरांना आग लागली आहे."

घरी येऊन तिनं मला समजेल असं सांगितलं. खूर म्हणजे कोट, आतलं हाड म्हणजे अंग, आणि दोघांना धरून ठेवणारं मध्ये एक नाजूक अस्तर. ढब्बीसारख्या काटक जातीच्या घोड्यांच्या पोटात साखर किंवा पिठूळ दाणा फार गेला, की रक्तातलं इन्सुलिन चढतं, आणि ते अस्तर उसवायला लागतं. खूर आतून सुजतो, पण बाहेरून टणक, म्हणून सुजेला पसरायला जागाच नाही. घोडा मग पुढच्या पायांवरचा भार काढून मागे टाकतो. मऊ काडावर उभी असेल तेव्हा सोसतं. लोखंडी पत्र्यावर आणलं की सोसत नाही. "बाबा काही शिकवत नाहीत तिला. ते फक्त पत्र्यावर आणतात."

मी विचारलं, पण ती खात काय असेल? वन्सं म्हणाली, ते शोधू. आधी तिला थांबवायला हवं. कारण पुढच्या रविवारी तोलून झालं, की ढब्बी मोठ्या शहराकडे निघणार होती. पायी, डांबरी रस्त्यानं, वाजतगाजत. शहरात बाबांना मोठं मैदान मिळालं होतं. "त्या रस्त्यावर अस्तर पुरतं सुटेल," वन्सं म्हणाली. "हाड खाली उतरेल. मग तिला उभं करता येणार नाही, वहिनी. कुणालाच."

संध्याकाळी आम्ही मामांकडे गेलो. मामा कोट घडी करून ठेवत होते. वन्संनं सगळं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलाच्या हातातून काहीतरी काढून घेतल्यावर होतो तसा झाला. इतकी वर्षं ती घोडी त्यांचं ऐकायची नाही, ते म्हणाले. डावीकडे म्हटलं की उजवीकडे जायची. आणि आता ती त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर मान खाली घालते.

"पाय दुखतात म्हणून घालते, मामा."

"तुझ्या पुस्तकातली घोडी असेल ती," मामा म्हणाले. "माझी घोडी मला ओळखते." आणि त्यांनी दिवा लावायचं निमित्त करून पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी वन्सं खूर तपासायला वखारीवर गेली. दारात बाबांचा शिष्य होता. एक हात लावून बघू द्या, एवढंच ती म्हणाली. शिष्यानं तिचे हात निरखले आणि सांगितलं, या हातांत संशय आहे, संशयाचा स्पर्श झाला तर तप मोडतं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मालकानं आणल्याशिवाय आम्ही काय करणार. मालकानं कोट इस्त्रीला दिला होता.

वन्सं घरी आली आणि स्वयंपाकघरात तिची आईशी जुंपली. कारण वेगळंच होतं. सासूबाईंना मधुमेह आहे. डबा उघडून त्या चमच्याच्या टोकावर साखर घेत होत्या, आणि वन्संनं पाहिलं.

"मी कुठे खाल्ली?" सासूबाई म्हणाल्या. "चाखली."

हे आमच्या घरचं रोजचं. सासूबाईंच्या हिशेबात चाखणं म्हणजे खाणं नव्हे. ताटात पडतं ते अन्न. उभ्यानं, चालता चालता, चमच्याच्या टोकानं, दुसऱ्याच्या वाटीतून जे तोंडात जातं, ते कशातच धरायचं नाही. डॉक्टरनं विचारलं तर त्या शपथेवर सांगतात, गोड सोडलंय. आणि खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. वन्सं दरवेळी चिडते. त्या दिवशी चिडता चिडता ती मध्येच थांबली आणि विचारलं, "आई, तू ढब्बीला काय नेतेस?"

काही नाही, सासूबाई म्हणाल्या. तिचा तर कडक उपास. फक्त प्रेमाचा खडा. म्हणजे साखरेचा. बाबांचा नियमच होता, प्रत्येकानं तळहातावर साखरेचा एक खडा धरायचा. घोडीनं चाटला तर प्रेम पोचलं. ते काही अन्न नव्हे.

"आणि किती जण येतात दिवसाला?"

"अगं, रांग पार विटांच्या भट्टीपर्यंत जाते," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

थेंबे थेंबे तळे साचे, हे आम्ही सगळ्यांनी शाळेत फळ्यावर वाचलेलं. पण तळ्यात थेंब टाकणारा प्रत्येक जण म्हणतो, माझा एकच होता.

तरी वन्संचं समाधान झालं नाही. साखरेनं खूर बिघडतात, पण नुसत्या साखरेवर घोडी महिनाभर उभी राहत नाही. तिच्या आतड्यांना काडी लागते. शेण दिसलं असतं तर सगळं कळलं असतं, ती म्हणाली. सासूबाई हे ऐकून खुलल्या. शेण तर घरातच होतं.

बाबांची खरी हुशारी इथे दिसते. जी घोडी खात नाही ती शेण कुठून टाकते, हा प्रश्न आज ना उद्या कुणीतरी विचारणार, म्हणून त्यांनी तो स्वतःच विचारून ठेवला होता. उत्तर असं, की ते शेण घोडीचं नाहीच. ती भक्तांची पापं पचवते. जे बाहेर पडतं ते पापाचं शुद्ध झालेलं खत, आणि ते छोट्या पुडीत बांधून भक्तांना परत मिळतं. सासूबाईंनी आपली पुडी गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंडीत घातली होती. पुडीच्या तळाशी चिमूटभर उरलं होतं. वन्संनं ते बशीत पाण्यात विरघळवलं, चहाच्या गाळण्यानं गाळलं आणि गाळण्याकडे पाहून म्हणाली, "आई, तुझ्या पापात काडाचे तंतू फार आहेत."

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

काडाचे तंतू कुठून आले, ते माझ्या डोक्यात भाजी चिरताना आलं. वखारीत चारा नव्हता, पण हातभर उंच अंथरूण होतं. आणि ते रोज नवं घालावं लागे. लोक म्हणायचे, तपस्विनीच्या अंगाच्या तेजानं काड विरतं. आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. ढब्बीनं पाय पसरले नव्हते. तिनं अंथरूणच खाल्लं होतं. मी हे वन्संला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तिनं मला कळू न देता हे कालच ताडलं होतं, पण मला स्वतःला सुचल्याचा आनंद मिळावा म्हणून गप्प होती. नणंदा अशाच असतात.

पण हे बोलून दाखवायचं कुणाला? काड विरतं असं ज्यांनी मान्य केलं होतं, त्यांना काड खाल्लं जातं हे पटवायचं कसं? बाबांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. शनिवार उजाडला.

शनिवारी सकाळी सासूबाई गच्चीवरून धावत खाली आल्या. इतक्या धावत, की गुडघे दुखतात हेही विसरल्या. गुलाबाच्या कुंडीत, जिथे त्यांनी काहीही पेरलं नव्हतं, तिथे हिरवी पाती उगवली होती. बोटभर, सरळ, दाट. "न पेरता उगवलं," त्या म्हणाल्या. "बघ आता. बघ तुझं विज्ञान."

वन्संनं बघितलं. एक पात मुळासकट उपटली. मुळाशी फुटलेला दाणा अजून चिकटलेला होता. ती जे हसायला लागली, ते आठवडाभरात पहिल्यांदा. घोडा अख्खा दाणा गिळतो तेव्हा सगळेच दाणे चावले जात नाहीत. काही जसेच्या तसे पार होतात, आणि ओल मिळाली की उगवतात. मग तिनं आईचा हात धरला आणि अगदी मनापासून म्हणाली, "आई, हे बाबांना दाखवायलाच हवं. सगळ्यांसमोर." सासूबाईंना वाटलं, लेक वळणावर आली.

रविवारी त्यांनी कुंडी स्वतः उचलून नेली, मला हात लावू दिला नाही. ढब्बी काट्यावर उभी होती, गळ्यात फुलं, पलीकडे वाजंत्री, रस्त्याच्या तोंडाला मिरवणुकीची माणसं. सासूबाईंनी कुंडी काट्याच्या कठड्यावर ठेवली आणि हकिगत सांगितली. पुडी घातली, पेरलं काही नाही, आणि हे उगवलं.

चमत्कार स्वतःहून चालत आला तर तो परत कोण पाठवेल? बाबांचे डोळे चमकले. "हे पुण्य आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्या घोडीनं यांचं पाप पचवलं, त्यातून पुण्य उगवलं."

"म्हणजे हे याच घोडीच्या पोटातून आलं?" वन्संनं विचारलं.

"याच."

"पुडी तुमच्याच आश्रमातली?"

"आमचीच. दुसरीकडे कुठे मिळते का?" बाबा हसले. गर्दीही हसली.

वन्संनं कुंडी उचलली आणि पहिल्याच रांगेतल्या दाणेवाल्यासमोर धरली. त्याचं दाण्याचं दुकान काट्याला लागूनच. ती म्हणाली, तुम्ही आयुष्यभर दाणे विकलेत, हे पुण्य कशाचं आहे ते तेवढं सांगा. दाणेवाल्यानं पात बोटांत धरली, मुळाशी नखानं खरवडलं, आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जव आहे की. चांगला आहे. माझ्याकडचाच असणार, तुमचा शिष्य नेतो ना कबुतरांसाठी."

मग मागून कुणीतरी विचारलं, "कुठली कबुतरं?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वखारीच्या कौलांवर, तारांवर, काट्याच्या छपरावर. आवारात एक मांजर होतं. कबुतर एकही नव्हतं. शिष्यही दिसत नव्हता.

बाबांनी हात वर केला. जव ही श्रद्धेची परीक्षा आहे, असं काहीसं त्यांनी सुरू केलं. पण वन्सं त्यांच्याशी बोलतच नव्हती, ती लोकांकडे वळली होती. तिनं विचारलं, आज घोडीला प्रेमाचा खडा कुणी कुणी दिला? हात वर झाले. पुढे, मागे, मिरवणुकीतसुद्धा. प्रत्येक जण म्हणत होता, मी एकच दिला. हात इतके होते, की ते खाली घ्यायचं लोकांना सुचेना. जो तो आपला हात वर धरून दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहिला.

"मीही एकच," सासूबाई हळूच म्हणाल्या. मग आणखी हळू, "रोज." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "म्हणजे चाखणं."

"हो, आई. चाखणं."

काटेवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याला एकाच गोष्टीची काळजी होती. "पण काटा बरोबर होता ना?" त्यानं विचारलं. वन्सं म्हणाली, काटा अगदी बरोबर होता. त्याला किती एवढंच विचारलं होतं; कुठून आलं, हे कुणी विचारलंच नाही.

मग तिनं सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हात लावून बघा. दूधवाल्याचं तट्टू तिथेच बांधलेलं होतं. आधी त्याच्या खुराला हात लावा, मग ढब्बीच्या पुढच्या खुराला. माणसं बिचकत पुढे आली. तट्टूचा खूर गार, रस्त्यावरच्या दगडासारखा. ढब्बीच्या खुराला हात लावून प्रत्येकानं झटकन मागे घेतला. वन्संनं ढब्बीच्या खुराच्या वर, मागच्या बाजूला दोन बोटं ठेवायला शिकवली. तिथे नाडी उडत होती, ठसठसणाऱ्या दाताची उडते तशी.

"तपाचं तेज आहे ते," बाबा म्हणाले. "खुरांतून बाहेर पडतंय."

मामा इतका वेळ दोर धरून तसेच उभे होते. कुणी त्यांना हात लावायला सांगितलं नव्हतं. ते खाली बसले, कोटासकट, धुळीत. आयुष्यात हजारदा तिचे खूर त्यांनी साफ केले होते. महिनाभर ते काम शिष्य करत होता. त्यांनी तळहात खुरावर ठेवला आणि काढला नाही.

"म्हणजे ती मला नमस्कार करत नव्हती," ते म्हणाले.

वन्सं त्यांच्या शेजारी बसली. "नाही, मामा."

"मला सांगत होती."

मामा उठले. आवाराच्या कोपऱ्यात बांधकामाच्या वाळूचा ढीग पडला होता. त्यांनी दोर सैल धरला आणि ढब्बीला पत्र्यावरून उतरवून एकेक पाऊल त्या वाळूकडे नेलं; ती काचेवरून चालावं तशी चालत होती. वाळूत तिचे खूर रुतले. तिनं एक लांब श्वास सोडला, पुढचे पाय अंगाखाली घेतले आणि मान वर केली. सगळ्यांना दिसलं. वाळूवर ती वाकली नाही.

एका उत्साही माणसाला अजून खात्री हवी होती. तो म्हणाला, आता पुन्हा पत्र्यावर आणा बरं, वाकते का बघू.

"नाही," मामा म्हणाले. "बघायचंच असेल तर आधी तुझे पाय सुजू देत, आणि मग तू उभा राहा पत्र्यावर. आम्ही हात जोडू."

मिरवणूक तशीच राहिली. वाजंत्रीवाले विचारत होते, वाजवायचं की जायचं. गाडीतळावरच्या लोकांनी मोठ्या आदरानं सुचवलं, की आता हवेवर जगणाऱ्या बाबांनाच काट्यावर घ्यावं. काटेवाल्यानं खिडकी पुसून ठेवली. पण बाबांना अचानक अंतर्मुख व्हायचं झालं. ते वखारीत गेले आणि मागच्या दारानं इतके अंतर्मुख झाले, की पुन्हा दिसले नाहीत. वखारीत जवाची अर्धी पोती सापडली, आणि खास बाबांच्या वाऱ्यासाठी तुपाचे दोन डबे.

ढब्बी लगेच बरी झाली असं लिहिता आलं तर मला आवडलं असतं. ती तशी झाली नाही. वन्सं आणि दवाखान्याचे डॉक्टर मिळून दोन ऋतू तिच्यामागे होते. तिच्या खुरांना मऊ गादी बांधली. तिचं गवत तासभर पाण्यात भिजवून ते गोड पाणी ओतून देत, मग तिच्यापुढे ठेवत. खाली काडाऐवजी लाकडाचा भुसा घातला, म्हणजे अंथरूण खायचं नाही. मी तिला जाळीची मुसकी शिवून दिली, एका वेळी एकच काडी आत जाईल अशी. ती लागल्यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, तसं आजवर फक्त सासूबाईंनी पाहिलंय, साखरेचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला तेव्हा. पोती ओढणं तिला आता जमणार नाही. मऊ रस्त्यानं मामांबरोबर फिरते, एवढं पुरे आहे.

आमच्याकडे अजून अधूनमधून कुणी सांगत येतं, की अमक्या ठिकाणी अमकं काहीतरी न खाता वाढतंय, न पेरता उगवतंय. मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, रात्री अंथरूण किती होतं आणि सकाळी किती उरलं, ते कुणी पाहिलं का? खुराला हात लावून पाहिलात का? हात जोडायच्या आधी एकदा लावून पाहावा. जोडायला ते नंतरही मोकळेच असतात. आणि ज्याच्यापुढे आपण हात जोडतो आहोत, तो कदाचित त्याच वेळी आपल्याला सांगत असेल, की मला फार दुखतंय.

तळावर ढब्बीला बघायला माणसं अजूनही येतात. जुन्या सवयीनं कुणी मुठीत साखर आणतं; मामा ती मूठ प्रेमानं मिटवून परत पाठवतात. मग ते ढब्बीचा दोर सोडतात आणि बाजूला होतात. लोक वाट पाहतात. बराच वेळ काहीच होत नाही. घोडी चारही पायांवर भार टाकून उभी असते, शेपटीनं माशी हाकलते आणि मामांनी डावीकडे म्हटलं, की उजवीकडे बघते.

"बघितलंत?" मामा विचारतात. छाती इतकी पुढे, की कोट आता बरोबर बसतो. "वाकत नाही."